अण्णांच्या हातातल्या सुया

अण्णांच्या हातात टोचलेल्या केसाएवढ्या बारीक सुया हाताबरोबरच थरथरत होत्या. मी स्टुलावर बसून बघत होते आणि माझा पाय काही स्वस्थ राहत नव्हता.

सुया लावणाऱ्या बाई सांगत होत्या, "चिनी वैद्यकात म्हणतात, अंगातला वारा उसळला की कंप सुटतो. तो शांत करायचा."

"म्हणजे आपला वातच की!" अण्णांना लगेच पटलं. "मग पार्किन्सन्सच्या गोळ्या बंद करू?"

"अजिबात नाही!" बाई आणि मी एकदमच म्हणालो.

"दोघी मिळून ओरडू नका. बाई, हिच्या पायालाही दोन सुया लावा."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि मला तिचा अभिमान आहे. या उपचाराची खात्री कुणी देत नाही, हे मी वाचूनच आले होते. खात्री नसेल तिथे आशा धरू नये, हे कागदावर सोपं असतं. बापाचा हात समोर असला की डोकं एक सांगतं आणि जीव भलतीकडेच धावतो.

बाईंनी शेवटची सुई काढली. हात थांबला. खरंच थांबला. मग अंगठा पुन्हा थरथरला, त्यामागे बोटं.

अण्णांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"श्वास सोड आता," ते म्हणाले.