धुकं न आलेली सकाळ

गोधडी अर्धी पिळून झाली होती. एक टोक सासूच्या हातात, दुसरं सुनेच्या, आणि खाली अंगणात पाण्याचं थारोळं. सासूला सगळे मीठमावशी म्हणत. किनाऱ्यालगतचे मिठाचे वाफे नवऱ्यामागे तिने एकटीने राखले होते. सून बंदरातल्या हवामान कचेरीत होती. धक्क्यावरून समुद्राचं पाणी काढून ते किती गार, किती ऊन, हे रोज मोजायचं तिचं काम.

त्या किनाऱ्यावर पाऊस असा नसेच. सकाळी समुद्रावरून धुकं यायचं, दुपारपर्यंत विरायचं, मग कोरडं ऊन. एकाही घराला पन्हळ नव्हती. यंदा मात्र धुकं फिरकलंच नव्हतं. उजाडल्यापासून लख्ख ऊन पडे आणि मावशी हात जोडून म्हणे, "देवा, दोन्ही हातांनी देतोयस रे." मीठ भराभर धरत होतं. आणखी थोडं थांबलं की खडा हरभऱ्याएवढा होणार होता. वर्षाचं पोट त्या वाफ्यांवर होतं, आणि मावशीची मिजासही.

"आई, उद्याच मीठ ओढून घ्या. पाऊस येईल."

"धुक्याचा पत्ता नाही, आणि म्हणे पाऊस! मशीन तपासून घ्या तुमचं."

"धुकं नाही म्हणूनच तर," सून पीळ आवळत म्हणाली. "आपल्याकडे वारा किनाऱ्याच्या कडेने वाहतो, वरचं पाणी आत खोल समुद्राकडे ढकलतो. मग तळातलं गार पाणी वर येतं. त्याच्यावर हवा गारठून बसून राहते, वर चढतच नाही. म्हणून आपल्याला धुकं मिळतं, पाऊस मिळत नाही. यंदा तो वाराच पडलाय. दूरचं ऊन पाणी पार धक्क्याला येऊन लागलंय. आता हवा ओल घेऊन वर चढणार."

"आणि माझ्याच डोक्यावर रिती होणार. कधी ते सांग."

"ते नाही सांगता येत."

"मग कसली गं कचेरी!"

असं म्हणाली खरी, पण हातातलं टोक सैल पडलं. वाफ्यात पाणी चढवणारी पवनचक्की कितीतरी दिवस कुरकुरत होती, फिरतच नव्हती. मावशीने तिला दोनदा तेल पाजलं होतं, गंजली म्हणून शिव्याही घातल्या होत्या. चक्कीला काही झालेलं नव्हतं. वारा नव्हता.

गोधडी तशीच दगडावर राहिली. दुसऱ्या दिवसापासून दोघींनी मीठ ओढून ताडपत्रीखाली ढीग लावायला घेतला. घराजवळचे दोन वाफे मात्र मावशीने सोडले. तिथला खडा सगळ्यांत सुरेख होता. "देवाला वाटलं तर ठेवील," ती म्हणाली.

पुढे कितीतरी दिवस आभाळ कोरं. शेजारचा वाफेवाला रोज बांधावरून ओरडायचा, "मावशी, मीठ ओढलंत की रवा? सुनेचं ऐकून लोक म्हातारपणी वेडे होतात ते असे!" मावशी म्हणायची, "होऊ दे, तुझी सून तर तुझ्याशी बोलतही नाही." पण घरात आली की सुनेकडे बघत नसे.

मग एका दुपारी समुद्राकडून आभाळ काळं झालं आणि संध्याकाळपर्यंत कोसळत राहिलं. पाऊस थांबल्यावर मावशी बाहेर आली. ते दोन वाफे काठोकाठ भरले होते. तळाशी एकही खडा नव्हता. शेजाऱ्याचे तर सगळेच गेले होते. तो बांधावर उकिडवा बसला होता. मावशीने त्याला चहाला हाक मारली.

ढिगावरची ताडपत्री सुनेने उचलून पाहिली. एका कोपऱ्यात फाटलेली होती, तिथलं मीठ वाहून गेलं होतं. बाकीचं शाबूत.

"अजून येईल?" मावशीने विचारलं.

"पाणी ऊन आहे तोवर येत राहील, आई."

मावशीने देवाचं नाव घेतलं, ताडपत्रीचा फाटका कोपरा हातात धरून भोक किती आहे ते पाहिलं, पायांत चपला सरकवल्या आणि ठिगळ आणायला चांभाराकडे निघाली.