मॅडमच्या बाळंतिणी

गिरिजा मॅडमना हसू यायला लागलं की त्या आधी बसायला जागा शोधत. एकदा सुरू झालं की उभं राहणं त्यांना जमत नसे. धाराशिवच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी त्या प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. मला वाटलं, घरी काही वाईट घडलंय.

"न्हाय गं," त्या म्हणाल्या, "एका पोरीनं पेपरात लिवलंय, यीस्टला लेकी होतात पण जावई मिळत न्हाय."

मॅडम लोहाऱ्याच्या. घरी कन्नड, कॉलेजात मराठी आणि यीस्टशी दोन्ही. यीस्टच्या पेशीला कोंब फुटतो, तो वाढून वेगळा होतो. पुस्तकात त्यांना मातृपेशी आणि कन्यापेशी म्हणतात. मॅडमच्या लेखी त्या सगळ्या बाळंतिणी. आईकडून कोंबातल्या लेकीकडे सामान जातं ते ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांवरून. पण हे धागे एकटे टिकत नाहीत. ट्रोपोमायोसिन नावाचं दुसरं प्रथिन त्यांना अंगभर बिलगून धरून ठेवतं.

"धागा समद्यांना दिसतो," मॅडम म्हणायच्या, "धरणारं कोण, ते इचारा."

हे पोरींना डोळ्यांनी दाखवायचं, हा त्यांचा ध्यास. तीनदा पत्रं लिहिल्यावर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं एक खास यीस्ट द्यायचं कबूल केलं. त्याचं ट्रोपोमायोसिन कच्चं: गारव्यात धागे धरायचं, तापलं की सोडून द्यायचं. फार वेळ तापलं तर पेशीच मरणार. आणि महिना मे.

आम्ही दोघी हैदराबादहून नळ्या बर्फाच्या डब्यात घालून परत निघालो. बेंबळीच्या अलीकडे एसटी बंद पडली. बर्फाचं पाणी होऊ लागलं, तसा मॅडमचा चेहरा उतरला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "डब्यात काय हाय, बाई?"

"बाळंतिणी हायत, मावशी. ऊन सोसत न्हाय त्यांना."

आजीबाईंनी डब्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मग आपल्या बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतून डबा गुंडाळला. "बाळंतीण म्हणल्यावर अजून काय इचारायचं?"

कंडक्टर एका मोटारसायकलवर बसून गेला आणि रसवंतीवरून बर्फाचा मोठा तुकडा घेऊन आला. मॅडम लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन पोट धरून हसत होत्या आणि अर्धी बस त्यांच्यावर सावली धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी अर्धं यीस्ट गार ठेवलं, अर्धं थोडा वेळ व्हरांड्यात तापू दिलं. मग दोन्हींना चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. गार ठेवलेल्या पेशींत आईपासून लेकीपर्यंत लख्ख धागे! दुसरी स्लाइड पाहून एक पोरगी रडवेली झाली.

"मॅडम, बिघडलं. धागेच न्हाईत. नुसते ठिपके."

मॅडमनी वाकून पाहिलं. "अगं येडे, जायलाच पाहिजे हुते! धरणारं सुटलं की!" आणि त्या थेट फरशीवर बसल्या. पोरी एकमेकींना मिठ्या मारत नाचल्या. शिपाई, कारकून, प्राचार्य, सगळे रांग लावून बघून गेले.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "आता जे चुकायचं ते तुझ्या हातानं चुक. भ्यायचं न्हाय."

पहिल्याच आठवड्यात मी दोन महागड्या नळ्या फोडल्या. घाबरत मॅडमना फोन केला.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग मॅडम म्हणाल्या, "दोनच?"