मध्यंतरापर्यंत जाऊबाई, नंतर मी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. थंडीच्या दिवसांत नागपुरात विनोदी नाटकांचा तीन दिवसांचा महोत्सव भरला होता. मोठ्या दिरांच्या कचेरीत त्याचं एक कार्ड आलं. एका कार्डावर एकच माणूस, तिन्ही दिवस. घरातल्या पुरुषांना नाटकाचं वावडं, म्हणून ते माझ्या थोरल्या जावेकडे आणि माझ्याकडे आलं.

सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, नियम होता की दोन्ही सुना एकाच वेळी घराबाहेर पडायच्या नाहीत. त्यात माझं बाळ सहा महिन्यांचं. मग आम्ही नाटकाचीच वाटणी केली. मध्यंतरापर्यंत जाऊबाई, नंतर मी. नाट्यगृह घरापासून दोन गल्ल्यांवर. मध्यंतर व्हायच्या वेळी मी बाळाला घेऊन घराच्या फाटकाशी उभी राहायची, जाऊबाई बाळ घ्यायच्या, मी कार्ड घ्यायची.

पहिल्या दिवशी मी जाऊन बसते न बसते तोच एक माणूस नुसती छत्री घेऊन रंगमंचावर आला आणि सगळे खो खो हसायला लागले. मी मठ्ठासारखी बघत राहिले. मग लाजेकाजेस्तव हसले, ते नेमकं सगळे गप्प झाल्यावर. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. असा राग आला, पण कुणावर काढणार? दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना जाऊबाईंनी छत्रीची हकीकत सांगितली, तेव्हा कुठे राखेच्या हातांनी पोट धरून मी हसले. शेवट मी त्यांना सांगितला. पण मला सांगता येत नाही, माझ्या तोंडून तो पंचनाम्यासारखा निघाला. त्या बिचाऱ्या माझं मन राखायला हसल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आता बस. एक तरी नाटक आम्ही दोघी शेजारी बसून, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत पाहणार. दुसरं तिकीट खिडकीवर काढू. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे वं, आत्याबाई चिडतीन." मी सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आज आम्ही दोघी जातो. बाळ तुमच्याजवळ राहीन."

"काहून? एकीच्या हसण्यानं भागत नाही?"

"नाही भागत," मी म्हणाले.

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "पोट्टं रडलं तं मले नका सांगू." मी त्याला होकार समजले.

खिडकीवर हाउसफुल्लची पाटी. दारावर खाकी स्वेटर घातलेला म्हातारा होता. मी त्याच्याशी पुष्कळ हुज्जत घातली, पण एका कार्डावर तो दोघींना सोडेना.

"तू जाय," जाऊबाई म्हणाल्या. "तुले सुरुवात कधीच नाही भेटली."

"अन् तुम्हाले शेवट नाही भेटला. जायचं तं दोघी."

आत घंटा झाली, दार लागलं. मी पायरीवर बसकण मारली. मला रडू येत होतं.

तेवढ्यात आतून मोठा हशा आला. शेजारी टेकलेल्या जाऊबाईंनी कान टवकारले. "नवरदेव चुकून शेजारच्या मांडवात जाऊन बसला," त्या म्हणाल्या. पुन्हा हशा. "लोक उठवून राहिले त्याले. तो म्हणते, मी नाही उठत, इथची वांग्याची भाजी चांगली आहे." आत लोक हसले की इकडे जाऊबाईंची मनानं रचलेली गोष्ट पुढे सरकायची. मग खरी नवरीच घोडीवर बसून त्याला शोधायला निघाली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आता हसून. म्हातारा आपलं स्टूल ओढत ओढत आमच्याजवळ येऊन बसला होता.

मध्यंतर झालं. काही मंडळी घराकडे निघाली. म्हातारा आत डोकावून आला आणि हळूच म्हणाला, "बाई, दोन खुर्च्या खाली झाल्या. जा दोघी. मी नाही पाहिलं."

जाऊबाई उठायला लागल्या. नवरी अजून घोडीवरच होती. मी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं.

"नाही दादा," मी म्हणाले, "आमचं नाटक अर्ध्यावर आलं आहे. ते सोडून आम्ही नाही उठत."