तीन घरची बंदूक

रागावण्याआधी हातातली वस्तू खाली ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो माणूस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. खर्ड्याच्या अलीकडे चार मैलांवर त्यांचे गाव. तिथे सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणू लागलो. हातात विळा असो, काठी असो की चहाची बशी असो, राग आला की आधी ती वस्तू जमिनीवर जायची आणि मग दादांचा आवाज आभाळात. बहिणीच्या लग्नात मानपानावरून त्यांचे आणि माझ्या मामांचे वाजले. दादांच्या हातात तेव्हा नारळ होता आणि तो ठेवायला जवळपास जागा सापडेना. ते चांगली दहा-बारा पावले चालत गेले, पाटावर नारळ टेकवला, परत आले आणि म्हणाले, "हां, आता बोला काय बोलायचंय ते!" तोवर मामांना काय बोलायचे होते ते आठवेना. मांडव हसला, आणि मुहूर्त टळता टळता राहिला.

अशा या माणसाकडे बंदूक होती. रानडुकरांसाठी वडिलांनी परवान्यावर घेतलेली, ठासणीची, एकनळी. दरवर्षी परवाना नवा करायला दादा धुतलेले धोतर नेसून जामखेडला जात. पण सरकारच्या कायद्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "सरकार वर्सातनं एकदा बगतंय, मास्तर. राग रोज येतोय." म्हणून त्यांनी आपल्यापुरता वेगळा कायदा केला होता. बंदूक आपल्या घरी, आढ्याला बांधलेली. तिची दारू खालच्या आळीत विधवा बहिणीकडे. आणि बार पेटवणाऱ्या केपा, म्हणजे तांब्याच्या त्या चिमुकल्या टोप्या, चुलतभावाकडे. चुलतभाऊ सहा महिन्यांनी मोठे आणि बांधाला बांध लागून शेती, त्यामुळे दादांची निम्मी भांडणे त्यांच्याशीच. तरी केपा तिथेच. तीन घरांतून साहित्य गोळा होईपर्यंत डुकरे भुईमूग खाऊन निघून गेलेली असत. "दादांची डुकरं हात धुऊन उठत्यात, मंग बार हुतो," असे गाव म्हणायचे. दादाही त्यात हसायचे.

एकदा चुलतभावाच्या बैलांनी दादांची हुरड्यातली ज्वारी साफ केली. दादांनी बंदूक काढली, बहिणीकडून दारू घेतली आणि थेट चुलतभावाच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"केपा दे."

"कशाला रं?"

"तुला माराया."

"मंग थांब की जरा. जेवून घिऊ दे. उपाशी कुठं मरू?"

आतून वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमीबी बसा. पिठलं गरम हाय."

दादा दोन भाकरी खाऊन घरी आले. बंदूक त्याच ओट्यावर विसरले होते. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने ती आणून दिली, वर हुरड्याची टोपली. हा किस्सा माझ्या बहिणीने मला पत्राने कळवला होता. तिच्या नवऱ्याने, म्हणजे दादांच्या एकुलत्या मुलाने, पत्राच्या कडेला लिहिले होते, "आमचे येथील कायदा फार कडक आहे."

मी राहात्याला शिक्षक. पुस्तके वाचून आलेला शहाणपणा माझ्यापाशी भरपूर. एका दिवाळीत मी दादांना म्हणालो, "दादा, ज्याला मारायचंच आहे तो कुऱ्हाडीनंही मारील. बंदूक वाटून ठेवून काय होणार?" दादांनी तंबाखूची चिमूट आधी खाली ठेवली, म्हणजे त्यांना थोडा राग आला होता. मग म्हणाले, "मारील की. न्हाई कोन म्हनतंय? पन कुऱ्हाडीला जवळ जावं लागतंय. जवळ गेलं की तोंड दिसतंय मानसाचं." माझ्या मेहुण्याला हे पटले नव्हते. तो माझ्याकडे बघून मिस्कील हसला होता. वाद मी जिंकला असेच आम्हा दोघांना वाटले.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या मेहुण्याची शेजारच्या शेतकऱ्याशी बोलाचाली झाली. तो शेतकरी शेळ्यांना बाभळीचा पाला तोडत होता. राग आला तेव्हा कुऱ्हाड त्याच्या हातातच होती, आणि खाली ठेवायची त्याला सवय नव्हती. अगदी जवळून, तोंड दिसत असतानाच, त्याने मेहुण्याला जागीच ठार मारले. मग स्वतःच चालत पोलिसांकडे गेला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. दुपारी दादांनी आढ्याची बंदूक सोडली. मला म्हणाले, "मास्तर, चला माझ्यासंगं." त्यांना अडवायला हवे होते. पण दिवाळीतले ते वाक्य माझेच होते, म्हणून चपला घालून त्यांच्यामागे निघालो. खालच्या आळीत दादांच्या बहिणीने दारूची थैली छातीशी धरून ठेवली. "दादा, घरात सून हाय," एवढेच ती म्हणत राहिली. दादा नुसते हात पुढे करून उभे. शेवटी तिने थैली दिली. तिथून चुलतभावाकडे जाणारी वाट त्या शेतकऱ्याच्या घरावरून जाते. घरात त्याचे म्हातारे आईबाप, भाऊ, बायकामुले दार लावून बसली होती. आत एक मूल रडत होते. दादा थांबले नाहीत.

"केपा दे," ते ओट्यावर उभे राहून म्हणाले.

या वेळी कशाला असे कुणी विचारले नाही. वहिनी दाराआड होत्या. भाकरीचे नाव निघाले नाही. चुलतभावांनी पत्र्याची डबी आणून दादांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घे. पन आदी मला शिवी घाल. पोरगा वरडला तवा मी वरच्या रानात हुतो. आईकलं मी. वाटलं, नेहमीचं भांडान. न्हाई गेलो."

दादांचा चेहरा पेटला. आणि मग त्यांच्या हातांनी तेच केले जे ते जन्मभर करत आले होते. बंदूक ओट्यावर ठेवली. तिच्याशेजारी थैली. थैलीवर डबी. हात मोकळे झाले. "कुठं गेल्तास रं तू!" असा त्यांनी टाहो फोडला, आणि ते मोकळे हात चुलतभावाच्या गळ्यात पडले. सहा महिन्यांच्या अंतराची ती दोन म्हातारी माणसे कितीतरी वेळ ओट्यावर रडत बसली. तीन घरांतली बंदूक त्यांच्या पायाशी एकत्र पडली होती. कुणी तिच्याकडे पाहिले नाही.

परतताना ते म्हणाले, "तुमचंच खरं झालं, मास्तर. मारनारा कुऱ्हाडीनंबी मारतो." त्यात टोमणा नव्हता, म्हणून अधिक लागले. त्या बंद दारापाशी आल्यावर ते पहिल्यांदा थांबले. आतले मूल अजून रडत होते. "पन बगा," दादा म्हणाले, "लेकरू रडतंय अजून. एकच घर बुडालं, मास्तर. दोन न्हाई बुडाली."

महिनाभराने बंदूक त्यांनी जामखेडला सरकारात जमा केली. त्यानंतर ते कुणावर रागावल्याचे बहिणीच्या पत्रांत कधी आले नाही. त्यांचे हात मात्र सदा रिकामे असत. काही घ्यायचेच ते विसरले होते.

गेल्या कार्तिकात दादा गेले. कायद्याने खून कमी होतात का, असे वर्गात एखादा मुलगा विचारतो, तेव्हा मी आधी हातातला खडू टेबलावर ठेवतो. दादा गेले त्या दिवशी त्यांना अंगणात ठेवले होते, तेव्हा माझ्या बहिणीने त्यांची काठी आणून उजव्या हाताशी ठेवली. मग तिला काय वाटले कोण जाणे. तिने ती पुन्हा उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली.