लिलावातली बंदूक

संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कुडाळला संस्थानी शिपायांच्या जुन्या बंदुका लिलावात निघणार, अशी बातमी आली आणि बाबा भरल्या ताटावरून उठले. त्याच संस्थानात त्यांनी शिपाईगिरी केली होती. बंदूक साफ करताना त्यांच्या हातून एकदा बार उडाला आणि समोर बसलेला त्यांचा जिवाभावाचा सोबती जागच्या जागी गेला. आत गोळी आहे की नाही, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. चौकशीत अपघात ठरला. बाबांनी मात्र तो कधीच अपघात मानला नाही.

"माका तीच बंदूक व्हयी," ते म्हणाले. "कोणाच्या हातात जावक नको. मोडून टाकतलंय."

मी तेव्हा शाळामास्तर होतो आणि जरा शहाणाच होतो. शेतीसंरक्षणाचा परवाना बाबांकडे होता खरा, पण घेतलेली बंदूक मोडली तर सरकार जाब विचारणार! हे मी एस्टीत बसल्यापासून त्यांना सांगत होतो. ते लिलावासाठी आणलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होते. मला अस्सा राग आला होता!

कचेरीच्या आवारात गोणपाटांवर बंदुका मांडल्या होत्या. शेतकरी दस्ता खांद्याला लावून बघत होते, नळीत डोकावत होते. बाबा ओळीनं वाकून प्रत्येकीचा नंबर वाचत गेले. शेवटच्या गोणपाटापाशी ते थांबले, पण हात लावेनात.

तेवढ्यात मुंबईचे एक शौकीन गृहस्थ आले. दिवाणखान्यात लावायला ते जुनी हत्यारं जमवत. त्यांनी नेमकी तीच उचलली. "वा! काय लाकूड आहे!"

बाबा पुढं झाले. साहेबांशी बोलायचं म्हणून त्यांनी कचेरीतली मराठी काढली. "ही घेऊ नका, साहेब. हिनं माणूस मारलेला आहे. म्हणजे मी मारलेला आहे."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं, आणि तेही भर लिलावात. माझी मान खाली गेली. गृहस्थांनी बंदूक जपून खाली ठेवली आणि ते दुसऱ्या रांगेकडे गेले. मग बोली बाबांचीच राहिली.

मला वाटलं, आता घरी. पण बाबा वालावलच्या वाटेला लागले. तिथं सोबत्याची बायको राहायची. एवढ्या वर्षांत बाबा तिच्या दारात गेले नव्हते. वाटेत त्यांनी नारळ घेतला. आमच्याकडे जागेच्या राखणदार देवाला नारळ-कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. ती सोबत्याच्या नावानं द्यायचं बाबांनी मनाशी ठरवलं होतं.

सोबत्याची बायको खळ्यात गवत झोडत होती. बाबांनी बंदूक आणि नारळ तिच्यापुढं ठेवला.

"वयनी, ही तीच. तुझ्यासमोर मोडतंय. आणि तेच्या नावान राखण देतंय."

तिनं हातातली पेंढी टाकली आणि बंदुकीकडे पाहिलं. मग ती कडक आवाजात म्हणाली, "राखण देतलास तर माझ्या शेताची द्या, भावजीनु. घरात पुरुष नाय. डुकर दर वर्षी भात खावन जातत. आणि तुमी बंदूक मोडूक इलास?"

बाबांनी उजवा हात तिच्यापुढं धरला. "ह्या हातान परत बार काढू?"

"मग कोणाच्या?" ती म्हणाली.

मला तिचा रागच आला. केवढी निष्ठुर बाई, असं तेव्हा वाटलं होतं. आज लाज वाटते.

त्या भादव्यापासून भात पिकलं की बाबा ती बंदूक घेऊन वालावलला जायचे आणि कापणी होईपर्यंत तिच्या मळ्यात राखणीला राहायचे. पहिल्या वर्षी दिवाळीला तिच्या घरून नव्या भाताचे पोहे आले. बाबांनी पहिला घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून रडले. आईनं पाणी पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही, पण पोहे संपवले.