मार्गारेटच्या पुढचा ठिपका

अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या पुरुषोत्तमकाकांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि रिकामा इंजिनियर घरात किती वाईट, हे शरयूकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मसाल्याच्या बरण्यांना लेबलं लावून झाली होती, तारखेनिशी. म्हणून २००४च्या मार्चमध्ये शेजारच्या हेलनबाईंनी कागदांचं खोकं सोपवलं, तेव्हा काकूंना हायसं वाटलं.

हेलनबाई चौऱ्याऐंशीच्या, एकट्या, कॅन्सरनं पोखरलेल्या. त्यांचा मूळपुरुष डंकन मॅकेल्व्ही नावाचा पाद्री. सतराशे बावीस साली बायको, पाच मुलं आणि एक जाडजूड बायबल घेऊन स्कॉटलंडहून गलबतानं इकडे आलेला.

"वंशवृक्ष करून देशील, पुरू? मी आहे तोवर. कोणाच्या ओळीत उभी आहे, ते एकदा बघायचंय."

पहिल्या हिवाळ्यात जिनं बर्फ उपसायला शिकवलं, तिला नाही कसं म्हणायचं? काका सहा महिने राबले. दफनभूमीत गुडघे टेकून दगड वाचले, चर्चच्या वह्या चाळल्या. नमुना घरातच होता, त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत. त्याबरहुकूम तक्ता उतरला: आठ पिढ्या, एकशे बारा पुरुष. मुलींचं नाव, लग्नाचं साल आणि पुढे ठिपका, म्हणजे ओळ तिथेच संपली. पाद्र्याची धाकटी मार्गारेट, तिलाही ठिपका. तिच्या वंशजांच्या कागदांचा रबरबँड काकांनी सोडलासुद्धा नव्हता. ती माणसं दुसऱ्या आडनावाची, आपल्याला काय त्यांचं!

बाईंनी भिंग घेऊन तक्ता वरून खाली पाहिला, मग खालून वर.

"सुंदर केलायस," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पण मी कुठे आहे, पुरू? मी मार्गारेटची."

ज्यांच्यासाठी तक्ता केला, त्यांचंच नाव त्यात आहे का, हे काकांनी पाहिलंच नव्हतं.

शनिवारी बोस्टनहून लेक आली. यामिनीनं तक्ता पाहिला, ठिपके पाहिले. "बाबा, मीपण डॉट आहे का?"

काकूच म्हणाल्या, "डॉटसुद्धा नाहीस. कपाटातलं ते कुलवृत्तांताचं लाल पुस्तक काढ."

पान दोनशे चौदा. मुलगा सुमंत: नाव, जन्मसाल, शाळा. त्याखाली दोन शब्द, 'एक कन्या'. कुलवृत्तांतासाठी माहितीचा फॉर्म काकांनीच शहाऐंशी साली सुवाच्य अक्षरात भरून पाठवला होता. अकरा वर्षांची कन्या तेव्हा पलीकडच्या खोलीत गृहपाठ करत होती.

"मुलींना रकानाच नव्हता," काका पुटपुटले.

"इंजिनियर ना तुम्ही? आखायचा एक!" काकू म्हणाल्या.

यामिनीनं मार्गारेटच्या कागदांचा रबरबँड सोडला. "डेट्स वाचा, बाबा. मी लिहिते."

दोन शनिवार-रविवार गेले. मार्गारेटची ओळ एवढी लांबली, की तक्त्याला खाली कागद डकवावा लागला. शेवटचं नाव हेलन. बाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी नावावर बोट ठेवलं, आणि काका निघेपर्यंत ते तिथून उचललं नाही.

नवव्या दिवशी त्या गेल्या.

प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात तक्ता लावला होता. तिथल्या पाद्र्यांनी पेन काकांच्या हाती दिलं. त्यांनी हेलनच्या नावापुढे मृत्यूची तारीख लिहिली.

घरी येऊन, कोटही न काढता, त्यांनी लाल पुस्तक उघडलं. छापील पानावर जन्मात कधी रेघ न मारलेल्या माणसानं 'एक कन्या' खोडलं आणि वर लिहिलं: यामिनी, जन्म १९७५. नावापासून खाली वंशाची रेघ ओढली, पुढची जागा कोरी ठेवली. ठिपका दिला नाही.