वाल्मीक कंडक्टरची हाक

आमच्या सातपूरच्या गल्लीत नवरे बायकांना ‘अगं ए’ म्हणतात, नाहीतर पोराच्या नावानं हाक मारतात. आमचे हे तसले नव्हते. ड्यूटीवरून आले की कोपऱ्यावरूनच ‘चतुरा!’ असा आवाज द्यायचे, की समोरच्या चिमणाबाईंच्या ओट्यावरचं मांजरसुद्धा उठून बसायचं. मी चिडायचे. अहो, सगळ्या गल्लीला कशाला कळवताय, जरा हळू बोला म्हणायचे. ऐकतील तर शपथ. सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून ओरडण्यात गेली, हळू बोलणं त्यांना जमणार कुठून! आता त्याच हाकेसाठी माझे कान आसुसलेत. असतं तेव्हा मेलं कळत नाही.

त्यांच्याकडे बरीच वर्षं देवळ्याची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी नाशिकहून निघायची, रात्री देवळ्याच्या स्टँडवर थांबायची आणि सकाळी परत. देवळा माझं माहेर, म्हणून ही ड्यूटी ते हौसेनं मागून घ्यायचे. थांबा आला की त्याचं नाव असं लांबवून, सुरात घ्यायचे, की झोपलेला माणूसही पिशवी आवरायला लागायचा. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत उभं राहायला जागा नसायची. हे म्हणायचे, “तिकीट अर्धं आहे ताई, मग जागा दीड कशाला?” बाया हसायच्या नि सरकायच्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडल्या असत्या.

बीपी निघालं ते एसटीच्याच तपासणीत. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली. त्या गोळीनं लघवीला सारखं जावं लागायचं. घरी असले की हे गुमान घ्यायचे, पण ड्यूटीच्या दिवशी घ्यायचेच नाहीत. मी ओरडले की म्हणायचे, भरली गाडी हायवेवर उभी करून मी झाडामागं पळू काय? आणि ड्यूटीचे दिवस किती, नि घरचे किती! डॉक्टरांना एवढंच सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी गोळी दिली असती, हे मला नंतर कळलं. पण डॉक्टरांसमोर लघवीचं काय बोलायचं, अशी आमची अब्रू. त्यातून एका सकाळी चहा पिताना हातातली बशी गळून पडली, तोंडातून शब्द येईना. चहा निवायच्या आत सगळं ठीक झालं, तर म्हणे झोपेत हात दबला असेल. दवाखान्यात चला म्हणून मी दोन दिवस डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन गेले.

पुढचं मला ड्रायव्हर कुंदनभाऊंनी सांगितलं. देवळ्याला सकाळी उठले तेव्हाच यांचा उजवा हात जड होता. शर्टाची बटणं कुंदनभाऊंनी लावून दिली, तेव्हाही हे हसले. गाडी निघाली. सोग्रस फाट्याला घंटीची दोरी ओढताना हात वर जाईना, डाव्यानं ओढली. सुटे पैसे बोटांतून सांडायला लागले. थांब्याचं नाव घेतलं ते असं बोबडं आलं, की एका म्हाताऱ्यानं विचारलं, सकाळीच घेतली का? चार पोरी हसल्या. ज्यांनी जन्मात थेंब घेतला नाही, त्यांना हे ऐकावं लागलं. मला आजही त्या म्हाताऱ्याचा राग येतो.

पिंपळगावला कुंदनभाऊ मागं आले. पाहतात तर तोंड एका बाजूला ओढलेलं. भाऊ म्हणाले, उतरा, इथं मोठे दवाखाने आहेत. यांनी नाही म्हणून मान हलवली आणि छातीशी धरलेल्या बॅगेवर हात ठेवला. पैशाची बॅग आणि तिकिटाचं मशीन डेपोत जमा केल्याशिवाय कंडक्टरची ड्यूटी संपत नाही. ते ओझं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही, हा यांचा धर्म. कुंदनभाऊंनी पुन्हा स्टीअरिंग धरलं आणि जमेल तेवढी गाडी पळवली. डेपोत बॅग जमा झाली, आणि तिथल्या खिडकीपाशीच हे खाली बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे धड कधी होते? कुंदनभाऊ म्हणाले, रात्री झोपताना. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग मला समजावलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि रात्रीपासून मोजलं तर ती वेळ निघून गेलीय. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नसतं. मी ऐकत होते. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! आता स्टँडवर कोणी कंडक्टर दिसला की मी विचारते, बीपी तपासलं का, गोळी घेतली का? वेडी म्हणतात. म्हणोत.

हळूहळू हे काठी धरून चालायला लागले. रोज सकाळी गोळी मी माझ्या हातानं देते, घेतात. मी बोललेलं सगळं कळतं यांना. पण बोलायला गेले की शब्दच सापडत नाही. पाणी हवं असलं की भांड्याकडे बघतात, आणि तोंडातून ‘ते… ते…’ एवढंच येतं. मग कपाळावर हात मारून घेतात. एवढा बोलका माणूस माझा.

बोलणं शिकवायला स्नेहल म्हणून एक मुलगी येते. तिनं मला विचारलं, काका आयुष्यभर रोज काय बोलत आले? मी म्हटलं, थांब्यांची नावं. ती म्हणाली, तुम्ही पहिलं म्हणा, त्यांच्याच चालीत. मी लाजत म्हटलं, “नाशिक…” आणि यांनी उचललं की! “आडगाव… ओझर… पिंपळगाव… वडाळीभोई… सोग्रस फाटा… देवळा!” तोच आवाज, तसाच लांबवलेला. मी पदर तोंडाला लावून रडले. हेही आपलाच आवाज ऐकून चकित झाले होते. स्नेहलनं सांगितलं, रोजच्या सवयीतलं असं मेंदूत वेगळं टिकून राहतं, त्याच्या आधारानं बाकीचं ओढून आणायचं. किती येईल ते मात्र तिनं सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून देवळ्याला जातो. मला वाटलं, याच दोरीला माझं नाव बांधावं. देवळ्यानंतर मी म्हणायला लागले, “चतुरा.” ते नुसते बघत राहायचे. काल मात्र देवळा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ओठ हलले. कपाळावरची शीर तटतटली. “च… च…” त्यांचे डोळे भरून आले आणि शेवटी तोंडातून निघालं, “चला, उतरा!”

म्हणायचं होतं ते हे नव्हे, हे त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली. मी त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला.

“मी नाही उतरत,” मी म्हटलं. “घ्या परत, नाशिकपासून.”